गाडीची पाठ

दिवाळीच्या आधीच्या रविवारी मेस्त्रीकाका घरी आले होते. ते माझ्या वडिलांचे, म्हणजे आबांचे, कोल्हापूरच्या उद्यमनगरातले जुने सोबती. दोघांनी मिळून अनेक वर्षे पॅटर्न शॉप, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी नमुने करण्याचे दुकान, चालवले आणि आबा गेल्यानंतरही सणावाराला फेरी मारण्याचा रिवाज काकांनी मोडलेला नाही. चहा व्हायचा होता. तेवढ्यात त्यांनी शोकेसची काच सरकवली आणि वरच्या फळीवरची फुलाफुलांची निळी-हिरवी व्हॅन उचलली. स्कूबी-डूची ‘मिस्टरी मशीन’. या कार्टूनचे नावसुद्धा काकांच्या कानांवर कधी पडलेले नसणार. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, गाडी डोळ्यांच्या अगदी जवळ नेली, अंगठ्याचे नख तिच्या कडेकडेने फिरवले, मग ती उलटी केली, मग मागून पाहिली आणि म्हणाले, “पोरी, ह्या गाडीची पाठ कुणी बघितल्याली न्हाई. फुडचं आन् बाजूचं बघून केलंय, मागचं मनानं.” एवढे बोलून त्यांनी ती जागेवर ठेवली आणि यंदा सागवान काय भावाने मिळते आहे याकडे गाडी वळवली. मी मात्र त्या वाक्यापाशीच अडकून राहिले.

माझ्याकडच्या गाड्या खऱ्या गाड्यांच्या प्रतिकृती नाहीत. मस्टँग, पोर्शे, लँड रोव्हर यांच्या छोट्या आवृत्त्या गोळा करणारे कोल्हापुरात पुष्कळ आहेत आणि त्यांचे डोळे माझ्यापेक्षा कितीतरी तयार आहेत. मला हव्या असतात त्या फक्त टीव्हीवरच्या कार्टूनमधल्या गाड्या, ज्या कुठल्याही रस्त्यावर कधी धावल्या नाहीत: मिस्टरी मशीन, फ्लिंटस्टोन कुटुंबाची दगडी रोलरांवरची गाडी, जेटसनांची उडती कुपी, सिम्पसनांची गुलाबी मोटार, कार्टूनमधल्या बॅटमॅनची लांबलचक काळी बॅटमोबील. हॉट व्हील्स या धातूच्या छोट्या मोटारींच्या ब्रँडच्या साध्या मालिकेत अधूनमधून अशी एखादी गाडी येते. ती कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून राजारामपुरीत किंवा महाद्वार रोडला काही कामाने गेले की खेळण्यांच्या दुकानात डोकावल्याशिवाय मी परत येत नाही. हुकावर एकामागे एक लटकलेली पाकिटे बोटाने मागे सारत जाताना पुठ्ठ्यावर प्लास्टिक घासल्याचा जो करकर आवाज होतो, तो मला मनापासून आवडतो. दुकानदार विचारतात, “ताई, मुलाचं वय काय?” माझा मुलगा बारावीत आहे, पण दुकानात तो कायम सात वर्षांचा असतो. पन्नाशीकडे निघालेले पुरुष त्याच हुकांपाशी तासन् तास उभे असतात, त्यांना हा प्रश्न कोणी विचारत नाही, ही गोष्ट मी नोंदवून ठेवली आहे.

या आवडीचे मूळ शोधायला फार लांब जावे लागत नाही. १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क भारतात आले आणि आमच्या गल्लीतल्या केबलवाल्याने ते लावले तेव्हा मी बारा वर्षांची होते. सगळे इंग्रजीत होते, त्यामुळे संवाद फारसे कळत नसत. कळायच्या त्या धडपडी, किंचाळ्या आणि मागून वाजणारे ते हसण्याचे आवाज. रात्री ठरलेल्या वेळी कार्टून एकाएकी बंद होऊन त्याच वाहिनीवर जुने इंग्रजी चित्रपट सुरू होत आणि आम्हा भावंडांच्या तोंडचा घास काढून घेतल्यासारखे होई. माणसांची बोली कळत नसली की नजर वस्तूंवर जाते. मला स्कूबीच्या टोळीतल्या शॅगी आणि वेल्मा यांच्याइतकीच त्यांची व्हॅन ओळखीची झाली. कुठल्यातरी ओसाड वाड्यासमोर ती येऊन थांबली, की आता भूत निघणार आणि शेवटी त्या भुताचा मुखवटा ओढला जाऊन आतून एखादा लोभी माणूस बाहेर येणार, याची मला खात्री असे. भावाकडे त्या काळी मिळणाऱ्या, इथेच बनलेल्या लिओ मॅटेलच्या चार-दोन मोटारी होत्या. त्या तो अंगणातल्या उतारावरून सोडत असे. टीव्हीतली व्हॅन अशी हातात येऊ शकते, हे मात्र तेव्हा आमच्या डोक्यातही आले नव्हते.

काका गेल्यावर त्या आठवड्यात मी ती जुनी मालिका पुन्हा बघायला घेतली. १९६९ च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या त्या पहिल्या मालिकेचे पंचवीस भाग आहेत. रात्री जेवणे आटोपली, की मोबाइल भिंतीला टेकवून मी बसत असे आणि व्हॅन दिसली की चित्र थांबवत असे. बाजूने ती हवी तितकी दिसते. समोरून थोडी तिरकी, दिवे लावलेली, तीही दिसते. पाठमोरी दिसते तेव्हा ती बहुधा लांब असते, अंधारात असते किंवा पुढच्या क्षणी दृश्य बदलते. आतली जागा तर भागागणिक बदलते: कधी दोन माणसांनी अंग चोरून बसावे एवढी, कधी टेबल-खुर्ची मांडून पाहुण्यांना जेवायला वाढता येईल एवढी. लहानपणी यातले काहीही खटकले नव्हते, आणि खरे तर आताही खटकत नाही. गोष्टीला जेवढी जागा लागते तेवढी व्हॅन देते.

यामागे हिशेब आहे आणि तो पैशांचा आहे. स्कूबी-डू ज्यांच्या स्टुडिओत तयार झाला ती हॅना आणि बार्बेरा ही जोडी आधी एमजीएमच्या स्टुडिओत टॉम आणि जेरीचे चित्रपट करत असे. तिथे हाताशी वेळ होता आणि चित्रांवर पैसा खर्च होत होता. १९५७ मध्ये तो कार्टून विभाग बंद पडला आणि दोघांनी स्वतःचा धंदा टीव्हीसाठी सुरू केला. टीव्हीचे बजेट त्या मानाने फारच तुटपुंजे होते, म्हणून त्यांनी चित्रांची संख्याच कमी केली. पात्र बोलत असेल तर धड तसेच ठेवायचे आणि फक्त तोंड हलवायचे. त्यांच्या योगी अस्वलाच्या गळ्यात कॉलर दिसते ती केवळ शोभेची नाही. डोके वेगळे काढून हलवले तरी मानेपाशी जोड दिसू नये, हीही तिची कामगिरी आहे. गाडीच्या बाबतीत तर काम आणखी सोपे: गाडी बाजूने एकदा काढायची, चाकांची दोन-तीन चित्रे आलटून पालटून दाखवायची आणि मागची झाडे पळवायची. तीच झाडे, तीच खिडकी, तेच कुंपण पुन्हा पुन्हा येत राहते आणि गाडी धावते आहे असे आपण मानतो. अशा गाडीला पाठीची गरज पडते कधी?

खेळण्याला मात्र पडते.

कागदावरच्या माणसाला सुटता येते, साच्याच्या माणसाला येत नाही. पोलादी साचा म्हणजे सगळ्या बाजूंनी उत्तर मागणारा कागद असतो. दार कुठे संपते, मागच्या काचेची उंची किती, टपाला गोलाई किती, तळाशी काय, या प्रत्येकाचे माप कोणीतरी टेबलाशी बसून ठरवल्याशिवाय धातू ओतता येत नाही. पाकिटावर १:६४ हे प्रमाण छापलेले असते तेव्हा मला गंमत वाटते. खऱ्या गाड्यांच्या बाबतीतसुद्धा हा आकडा ढोबळच असतो, कारण पाकीट ठरलेले असते आणि त्यात ट्रकही बसवायचा असतो आणि मिनीही. पण मिस्टरी मशीनचा चौसष्टावा भाग म्हणजे नेमका कशाचा चौसष्टावा भाग? दोन माणसांच्या व्हॅनचा, की जेवणाच्या टेबलासह आलेल्या व्हॅनचा? तो अनामिक माणूस कुठल्यातरी एका उत्तरावर थांबला असेल, आणि मलेशियात किंवा थायलंडमध्ये ओतल्या गेलेल्या त्या उत्तराच्या असंख्य प्रतींपैकी एक माझ्या शोकेसमध्ये आली आहे. माझ्या प्रतीत मागची दारे उठावात आहेत, पण त्यांच्यावर रंगाचा थेंब नाही. काकांनी वाचले ते एवढेच होते.

ही कसोटी लावून मी बाकीच्या गाड्या पुन्हा पाहू लागले तेव्हा काही गोष्टी नव्याने दिसल्या. फ्लिंटस्टोनची मालिका १९६० मधली. त्यातला फ्रेड गाडीत बसतो आणि पाय जमिनीला लावून पळत सुटतो, कारण गाडीला तळच नाही. सगळा विनोद त्या नसलेल्या तळावर उभा आहे. पण छोट्या धातूच्या गाडीला तळ असावाच लागतो. बॉडी उलटी ठेवायची, तिच्यात काच, बैठक, आस असा ऐवज रचायचा, वरून तळ बसवायचा आणि बॉडीतूनच निघालेल्या दांड्यांची टोके तळाच्या भोकांतून वर येतात ती ठेचून पसरवायची, असा त्या जोडणीचा क्रम आहे. तळ काढला तर गाडी सुटी होईल. म्हणजे फ्रेडला पाय टाकायला जागाच उरत नाही आणि तो आयुष्यभर चाकांच्या भरवशावर बसून राहतो. जेटसनांचे उलटे झाले. १९६२ मधल्या त्या मालिकेत शंभर वर्षे पुढचे जग दाखवले आहे. जॉर्ज ऑफिसला उडत जातो आणि पोहोचल्यावर गाडी घडी होऊन त्याच्या हातातली बॅग बनते. त्या गाडीला चाक कशाला हवे? पण हॉट व्हील्स या नावाखाली विकायची तर खाली चाके लावणे भागच आहे. एकाला जमीन बंद झाली, दुसऱ्याला आभाळ. यात हळहळावे की हसावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

आबा असते तर त्यांनी हळहळ वगैरे केली नसती. नकाशावरची रेघ आणि ओतलेली वस्तू या दोन वेगळ्या जाती आहेत, हे त्यांना सांगावे लागत नसे. त्यांच्या टेबलावर दोन पट्ट्या असत. एक साधी, आणि दुसरी दिसायला तशीच, पण तिचा फूट किंचित मोठा. कारण बीड थंड होताना साधारण शंभराला एक या हिशेबाने आकसते आणि पॅटर्न तेवढा मोठाच करावा लागतो. ती दुसरी पट्टी शाळेत भूमितीच्या तासाला नेण्याची मला सक्त मनाई होती. उभ्या बाजूंना नेहमी जरासा उतार (ड्राफ्ट) द्यायचा, म्हणजे वाळूतून पॅटर्न वर उचलताना साचा फाटत नाही. कोपरे धारदार ठेवायचे नाहीत, गोलाई द्यायची. पोकळी हवी असेल तर साच्याच्या आत बसवायचा कोअर वेगळा. दुकानात सागवानाच्या भुशाचा गोडसर वास भरलेला असे आणि शिरोलीच्या एखाद्या फौंड्रीत आबांबरोबर गेले तर तिथे जळक्या वाळूचा. संध्याकाळी भट्टी फोडली की लाल उजेडात माणसांचे चेहरे ओळखू येत नसत. चित्राकडे बघून धातूचा विचार करणारी माणसे या गावाला नवी नाहीत. सिनेमा काढायचा पण परदेशी कॅमेरा हाती येत नाही म्हणून बाबूराव पेंटरांनी १९१८ मध्ये इथे कॅमेराच घडवला होता.

माझ्या गाड्यांचा धातू त्या मानाने सौम्य. त्याचे नाव झमॅक, म्हणजे मुख्यतः जस्त, त्यात चारेक टक्के ॲल्युमिनियम, नावापुरते मॅग्नेशियम आणि काही प्रकारांत तांबे. बीड चौदाशे अंशांच्या आसपास ओततात, हा चारशेच्या आतच वितळतो. तो वाळूत ओतत नाहीत, दाब देऊन पोलादी साच्यात मारतात. क्षणात गोठतो, साचा उघडतो आणि आतल्या पिना बॉडीला बाहेर ढकलतात. कमी तापमानामुळे साचा टिकतो आणि एकाच साच्यातून लाखो नग निघू शकतात. म्हणूनच ही गाडी दोनशे रुपयांच्या आत मिळते. व्हॅनच्या बाजूंवर दारांच्या खोबणी आहेत, त्या साधा वर-खाली उघडणारा साचा असता तर अडकल्या असत्या. त्यासाठी साच्याला बाजूने सरकणारे तुकडे ठेवावे लागतात. हे मला काकांनी नंतर फोनवर समजावले. त्या दिवशी नख फिरवत होते ते या तुकड्यांचे जोड शोधत होते.

जस्ताचा एक रोगही आहे. १९३० च्या दशकातल्या डिंकी या ब्रिटिश खेळण्यातल्या गाड्यांपैकी कित्येक आज बघायलाही उरलेल्या नाहीत. कोणाचा हात न लागता, पेटीत ठेवल्या जागी त्यांच्यावर भेगा आल्या, अंग फुगले, चाकांच्या कमानी वाकड्या झाल्या आणि शेवटी भुगा झाला. मिश्रणात शिशासारख्या धातूचा अंश शिरला की जस्ताच्या कणांच्या सांध्यांमधून गंज आत पसरत जातो आणि दमट हवा त्याला मदत करते. काकांना हे सांगितले तेव्हा त्यांनी पलीकडून लगेच निदान केले: “स्क्रॅप मारलं असणार, दुसरं काय!” आता शुद्ध जस्त वापरतात, त्यामुळे माझ्या गाड्यांना तो धोका नाही, हे मला माहीत आहे. तरीही जुलैत पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यावरून जाऊ लागले आणि घरातली मिठाची बरणी ओलावली, की मी शोकेसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवते.

आणि ती फुले. लोकांना वाटते ती चिकटपट्टीची असतील, पण ती छापलेली आहेत. कोरलेल्या पाटीवर शाई भरायची, तिच्यावर सिलिकॉनचा मऊ गोळा दाबायचा आणि तोच गोळा गाडीच्या अंगावर टेकवायचा. गोळा मऊ असल्यामुळे तो फुगीर बाजूवरही नीट बसतो. प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा. हॉट व्हील्सवर ही छपाई १९७४ पासून होते. भिंगाखाली माझ्या व्हॅनवरचे एक नारिंगी फूल त्याच्या जागेपासून केसभर सरकलेले दिसते, त्यामुळे एका पाकळीपाशी निळ्या रंगाची बारीक फट राहिली आहे आणि समोरच्या बाजूला नारिंगी हिरव्यावर चढला आहे. दुसऱ्या बाजूची फुले अचूक आहेत. मी व्हॅन ठेवते ती चुकलेली बाजू समोर करून. कार्टूनच्या जुन्या चित्रांतही रंग असाच रेघेबाहेर जाताना दिसतो, त्यामुळे मला ती बाजू जास्त खरी वाटते.

खऱ्या गाडीबद्दल हे प्रश्न पडत नाहीत. दसऱ्याला सीमोल्लंघनासाठी छत्रपतींची ती भगव्या रंगाची जुनी मेबॅक दसरा चौकात येते, तेव्हा गर्दीमुळे एकच बाजू वाट्याला आली तरी दुसरी बाजू आहे याबद्दल कोणाच्या मनात शंका नसते. पलीकडच्या लोकांनी ती पाहिलेली असते. मिस्टरी मशीनच्या पलीकडच्या बाजूला कोणीच उभे नव्हते. साचा करणारा माणूस तिथे पहिल्यांदा गेला. मला या छंदात जे धरून ठेवते ते बहुधा हेच असावे. बालपण परत मिळते वगैरे मला वाटत नाही. बालपणीची व्हॅन काचेच्या पडद्यावर होती, ती सपाट होती आणि ती तिथेच छान होती. हातातली गाडी वेगळी आहे, थंड आहे, तिला वजन आहे, आणि तिच्यात अशा एका माणसाची मते भरलेली आहेत ज्याचे नाव पाकिटावर छापत नाहीत.

म्हणून मी पाकिटे फोडते, आणि म्हणूनच संग्राहकांत माझी किंमत कमी आहे. इचलकरंजीचे एक गृहस्थ आहेत, यंत्रमागाच्या सुट्या भागांचा व्यापार करतात आणि माझ्यासारख्याच कार्टूनच्या गाड्या जमवतात. त्यांच्याकडे एकही गाडी सुटी नाही. कार्डाचा कोपरा दुमडलेला असला तरी ते पाकीट घेत नाहीत, आणि फोडलेली गाडी म्हणजे त्यांच्या मते विकलेली अब्रू. त्यांचे गणित मला कळते. बंद पाकिटाला पुढे भाव येतो, उघडलेल्या गाडीला कोणी विचारत नाही. त्यांना माझे कळत नाही. पाकिटात गाडीची एकच बाजू नीट समोर असते, दुसरी पुठ्ठ्याकडे तोंड करून बसलेली असते. म्हणजे ती पुन्हा टीव्हीत जाऊन बसल्यासारखीच झाली, असे मी त्यांना म्हटले, तेव्हा ते हसले आणि म्हणाले, “मॅडम, टीव्हीत होती म्हणून तर घेतली.” याला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

मागच्या आठवड्यात त्यांचा निरोप आला आहे. त्यांच्याकडे जेटसनांच्या गाडीची दोन पाकिटे झाली आहेत. माझ्याकडे एका बॅटमोबीलची चुकून दोनदा घेतलेली, अजून न फोडलेली प्रत आहे, ती त्यांना हवी आहे. माझ्याकडच्या जेटसनांच्या कुपीचा पारदर्शक घुमट मुळातच चरे पडलेला निघाला होता, त्यामुळे बदल मला हवाच आहे. देवाणघेवाण कागलला त्यांच्या मेव्हण्यांच्या दुकानात करू, असे ते म्हणतात. अट एवढीच: माझ्याकडे आले तरी पाकीट फोडायचे नाही, आणि दरवर्षी दिवाळीत त्याचा फोटो पाठवायचा. मी अजून होकार कळवलेला नाही.